होकाराचे मोल

आरोग्यसेवेत कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करण्यास लोक कितपत राजी आहेत, हे मोजणाऱ्या प्रश्नावल्यांत एक गृहीतक अंतर्भूत असते. ते असे की, रुग्ण एकट्याने निर्णय घेतो व नकार देण्यास मोकळा असतो. हिंगोली जिल्ह्यातील वसमतसारख्या तालुक्याच्या गावी हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ साली या विषयावर नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. स्वायत्तता व माहितीची गोपनीयता ही त्यांत पृथक् तत्त्वे आहेत. व्यवहारात मात्र ती परस्परांत गुंतलेली आढळतात. आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील चौदा अंकी आरोग्य-क्रमांकाचेच उदाहरण घ्यावे. तो ऐच्छिक आहे. परंतु आधारच्या साहाय्याने तो काढताना ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. घरात मोबाइल एकच असेल, तर सुनेची संमती पतीच्या वा सासऱ्याच्या हाती जाते. क्षय, वंध्यत्व, मनोविकार यांबाबत तिला यंत्रापेक्षा घरातल्या नजरेचे भय अधिक वाटावे, हे स्वाभाविक होय. शिवाय तज्ज्ञासाठी नांदेड गाठावे लागत असेल, तर तिच्या होकारात विश्वास किती आणि निरुपाय किती, हे प्रश्नावलीतून कसे कळावे?

तेव्हा संशोधकाने प्रथम नकाराची किंमत विचारावी. त्यावाचून होकाराच्या टक्केवारीवरून लोकविश्वासाचा निष्कर्ष काढणे सयुक्तिक ठरणार नाही.