पाटी कोणाशी बोलते?

सौंदर्यशास्त्र म्हटलं की आपल्यासमोर लगेच काव्य येतं, चित्र येतं, फार तर संगीत. रस्त्यावरची पाटी, स्टँडवरचा बाक, झाडाभोवतीचा पार यांची समीक्षा सहसा कोणी करत नाही. पण कवितेचं पुस्तक आयुष्यात न उघडणारा माणूसही दिवसभर पाट्या वाचतच असतो. म्हणून आज आम्ही समीक्षेला पाटी घेतली आहे, आणि तीही आपल्या नगरची.

ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने एक साधी गोष्ट दाखवून दिली. बोलणे म्हणजे नुसते सांगणे नव्हे; बोलणे ही कृती असते. पाटीला हे तंतोतंत लागू पडते. 'माळीवाडा' ही पाटी सांगते. 'येथे थुंकू नये' ही दटावते. आणि चौकातला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स? तो आपल्याशी बोलतच नाही. आपल्या डोक्यावरून तो दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असतो: साहेबांशी, नाहीतर साहेबांच्या विरोधकांशी. आपण नुसते वाटेत उभे. एवढी अक्षरे लटकत असूनही चौक मुका वाटतो तो यामुळे. त्यातले एक अक्षर आपल्याला उद्देशून नसते.

आता उलट बाजू बघा. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली. तेव्हापासून गाडीच्या कपाळावर गावाचं नाव असतं: शेवगाव, पाथर्डी, जामखेड. या अक्षरांची कसोटी एकच, पिशवी सावरत येणाऱ्या म्हातारीला ती लांबून दिसली पाहिजेत. तिला वाचता येत नसेल, तर ती शेजारच्याला विचारते, "ही जामखेडच ना रे बाबा?" तो म्हणतो, "हो आजी, चला." पाटीच्या निमित्ताने दोन अनोळखी माणसे बोलली. सार्वजनिक जागा जिवंत होते म्हणजे याहून वेगळं काय होतं?

जुन्या लोकांना हे कळत होतं. 'दिल्ली दरवाजा' या नावातच दिशा आहे. त्याला वेगळा बाण काढावा लागत नाही. मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग; अक्षर न येणाऱ्यालाही हे कळतं. पाराला तर पाटीच नाही. त्याची गुडघ्याएवढी उंचीच म्हणते, "बसा." उलट काही दुकानांच्या पायऱ्यांवर टोकदार सळया ठोकलेल्या दिसतात. त्याही बोलतात, पण काय बोलतात ते सांगायला नको.

यावरून आम्हाला एक कसोटी सुचते. पाटी काढून बघा. 1567 सालच्या दमडी मशिदीत दगडात कोरलेली अक्षरे आहेत. ती मनातल्या मनात पुसा, इमारत उणी होते. फ्लेक्स काढा, उणं काहीच होत नाही, उलट मागची भिंत, खिडकी, कापडबाजारातला एखादा जुना सज्जा परत मिळतो.

कुणी म्हणेल, सर, पोटापाण्याचे प्रश्न असताना हे कौतुक कशाला? बरोबर आहे. पण ज्याच्या घरात दिवाणखाना आहे त्याला पार लागत नाही. ज्याच्या हातात नकाशावाला फोन आहे त्याला पाटी फारशी लागत नाही. या गोष्टी लागतात त्या तालुक्याहून सिव्हिल हॉस्पिटल शोधत आलेल्या माणसाला. तेव्हा हा चैनीचा प्रश्न नाही, न्यायाचा आहे.

2022 च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरे मराठीहून मोठी नसावीत असंही ठरलं. चांगलं झालं. पण कायदा अक्षराचा आकार ठरवतो. अक्षरातला जिव्हाळा ठरवू शकत नाही. संगणकावरचा 'मंगल' टंक घडवणारे र. कृ. जोशी आणि नाटकांच्या नावांना चेहरा देणारे कमल शेडगे ज्या महाराष्ट्रात झाले, तिथे सगळ्या पाट्या एकाच छापातून निघाव्यात?

हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. नावाविषयी कुणाचं मत काहीही असो, पाट्या नव्याने लिहिल्या जाणारच. ज्या अहिल्याबाईंचं नाव आपण लिहिणार त्या याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. घाटाची पायरी कुणाला जात विचारत नाही. ती उतरणाऱ्याच्या पावलाचा विचार करते. एवढा विचार पाटी लिहिताना व्हावा: अक्षर किती अंतरावरून दिसेल, रात्री दिसेल का, खाली दोन माणसांना बसायला ओटा असेल का. आणि नेहमीच्या फ्लेक्सवाल्याला फोन करण्याआधी गावातल्या एखाद्या रंगाऱ्याला बोलवावं. त्याच्या हातात अजून अक्षर आहे.