टिळकांचा अभंग आणि माडियांचा रेला

बल्लारपूरला सिरो-मलबार कॅथलिकांचं कॅथेड्रल आहे. 1962मध्ये चांदा हे त्यांचं वेगळं क्षेत्र झालं, 1977मध्ये धर्मप्रांत. उपासनेची परंपरा पूर्व सिरियाक, आणली केरळच्या फादर लोकांनी. आणि प्रदेश मराठी, गोंडी, माडिया बोलणारा. मग इथे भाविकांनी एकत्र गायचं कशात?

आपण मराठी माणसं चटकन नाव घेतो नारायण वामन टिळकांचं. टिळक प्रॉटेस्टंट होते, पण प्रश्न तोच. 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताला अभंगात, भजनात आणलं. भावना ही श्रद्धेवरची साय नव्हे, हे त्यांना बरोबर उमगलं होतं. ती नसेल तर प्रार्थना म्हणजे नुसतं पाठांतर. इथवर मी टिळकांच्या बाजूने.

पण अभंग 'आपला', हे त्यांनी गृहीत धरलं. आपला म्हणजे कोणाचा हो? त्यामागे वारी आहे, टाळ आहेत, ज्ञानोबा-तुकोबा आहेत. भामरागडकडच्या माडिया गावाला हा वारसा नाही. तिथे रेला आहे. हातात हात गुंफून, पावलं टाकत म्हणायचा. त्यांना आपला अभंग केरळच्या चालीइतकाच पाहुणा.

याच टिळकांनी 1917मध्ये 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. माणसांसाठी एवढं मोठं दार. चालीसाठी मात्र पंढरपूरचंच. आणि नुसते शब्द माडियात घालून भागेल, असंही मला वाटत नाही. रेला बाकावर बसून म्हणता येत नाही.