अमेरिकेची निवडणूक : लेकी बोले, सुने लागे

दर चार वर्षांनी मराठीत एक ठरावीक लेख येतो. आधी इलेक्टोरल कॉलेज समजावून सांगायचं, मग २७० हा 'जादुई आकडा', मग पेनसिल्व्हेनिया, मिशिगन वगैरे काठावरच्या राज्यांची यादी. निकालानंतर त्याचा उत्तरार्ध येतो. ट्रम्प हरले असतील तर लोकशाही वाचली, जिंकले असतील तर बुडाली. ६ नोव्हेंबर २०२४ ला दिवसभर हा उत्तरार्ध माझ्या फोनवर येत होता. लेखकांची नावं झाकली असती तर कुठला कोणाचा हे सांगता आलं नसतं.

लिहिणारे माझ्याच बाजूचे आहेत. उदारमतवादी, वाचणारे, काळजी करणारे. ट्रम्प यांच्याबद्दल ते जे म्हणतात त्यातलं बहुतेक मला मान्य आहे. ६ जानेवारी २०२१ ला जमाव कॅपिटॉलवर चालून गेला आणि पुन्हा सत्तेवर येताच पहिल्या दिवशी ट्रम्प यांनी त्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार लोकांना माफी दिली, याला काही दुसरी बाजू नाही. माझी तक्रार निराळी आहे. या लेखांत अमेरिका नसतेच. ट्रम्प म्हणजे आपल्याकडचे अमुक, फॉक्स न्यूज म्हणजे आपल्याकडचं तमुक चॅनल. दिल्लीबद्दल थेट लिहायला जड जातं, म्हणून वॉशिंग्टनबद्दल लिहायचं. लेकी बोले, सुने लागे. वाचकालाही ते कळतं, तो डोळा मारणारी इमोजी टाकतो आणि पुढे पाठवतो.

आता, आपल्या डोळ्यांनी अमेरिका वाचण्यात गैर काही नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा त्यांचा रोख पुण्यावरच होता. १९७२ मध्ये दलित पँथरने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. पण त्यांनी तिकडची एक ठोस गोष्ट उचलली, गुलामी कशी मोडली, पोलिसांसमोर कसं उभं राहिलं, आणि ती इथे लावून पाहिली. आजच्या लेखात ठोस काय असतं? माणसांचे स्वभाव. हॅरिस यांचं हसणं, बायडन यांचं अडखळणं, ट्रम्प यांचे केस.

किंवा मग 'आपला माणूस'. चिकोडीत जन्मलेले, 'ही श्रीची इच्छा' या आत्मचरित्रामुळे मराठी घराघरांत पोचलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले. आपल्याकडे बातमी अभिमानाची झाली. डेट्रॉईटमध्ये त्याच निकालाची दुसरी बातमी होती. त्या बहुसंख्य कृष्णवर्णीय शहराला जवळजवळ ७० वर्षांत पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नव्हता आणि विजेत्या उमेदवाराने प्रचारात स्वतःचे लाखो डॉलर ओतले होते. ठाणेदारांनी नियम मोडला असं नाही. पण ज्याला आपण इथे 'पैशाचं राजकारण' म्हणतो, त्याला तिकडे 'मराठी माणसाची झेप' म्हणायचं, हे कसलं भाष्य?

मी राजापूर तालुक्यातल्या नाट्याचा. (सामान्यरूपात गावाचं नाटक होतं, त्याला इलाज नाही.) गावापासून माडबनचा सडा जवळच आहे. तिथे ९९०० मेगावॅटचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प व्हायचा आहे. भट्ट्या फ्रेंच. पण फ्रान्सला इथवर येता आलं ते वॉशिंग्टनमध्ये दार उघडल्यामुळे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर भारताला अणुव्यापारातून बाहेर ठेवलं होतं. जुलै २००५ मध्ये बुश आणि मनमोहन सिंग यांनी करार जाहीर केला, सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली आणि १ ऑक्टोबर २००८ ला अमेरिकन सिनेटने करार ८६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. महिन्याभरात ओबामा विरुद्ध मॅकेन अशी निवडणूक होती. जगभर तिला युगपरिवर्तन वगैरे म्हणत होते. या फायलीवर दोघंही एकाच बाजूला होते. पुढे ओबामांच्या काळात अमेरिकेचा मोठा आक्षेप होता तो आपल्या २०१० च्या दायित्व कायद्यावर : अपघात झाला तर यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीवर जबाबदारी का? १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटे इथे प्रकल्पविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला, एक मच्छीमार गेला. मी तेव्हा शाळेत होतो. ओबामांवरचे मराठी लेख त्याही वर्षी येत होते, आणि त्यांत हे दार नव्हतं.

दुसरं उदाहरण ताजं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा 'कोकणातला मच्छीमार उद्ध्वस्त होणार' असं लिहिलं गेलं. अमेरिकेला जाणारी भारतीय कोळंबी बहुतेक तळ्यांत वाढवलेली असते, आणि त्यातली बरीच आंध्रची. समुद्रात पकडलेल्या कोळंबीला तर अमेरिकेने २०१९ पासूनच दार बंद केलंय. ट्रॉलरच्या जाळ्यात कासवाला निसटून जायला वाट ठेवली पाहिजे, असा त्यांचा १९८९ चा कायदा आहे. त्याविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत भांडलेही, क्लिंटन यांच्या काळात. मग ट्रम्प आले, बायडन आले, परत ट्रम्प आले, बंदी तशीच. यात खलनायक शोधायला गेलं तर पंचाईत होते. कायदा पर्यावरणवाद्यांनी लावून धरलेला, म्हणजे आपल्याच गोटातला. आणि आपल्याच जिल्ह्यात वेळासला कासव महोत्सव भरतो, त्याचे फोटो आपणच शेअर करतो. ट्रॉलरवाल्याला फट ठेवलेलं जाळं परवडेल कसं, निसटणाऱ्या कोळंबीचं नुकसान कोण सोसणार, हा खरा प्रश्न. त्यात ट्रम्प नसल्यामुळे त्यावर लेख येत नाही.

तरीही 'दोन्ही पक्ष सारखेच' हा निष्कर्ष मला आळशी वाटतो. का, ते दाभोळमुळे.

गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा प्रकल्प. जून १९९२ मध्ये पहिला समझोता, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार. वीज किती महाग पडणार हे सांगणारा तो करार सुरुवातीला लोकांपासून लपवलेला. पुण्याच्या 'प्रयास'ने हिशोब मांडून दाखवला तेव्हा कुठे चर्चा आकड्यांवर आली. १९९५ मध्ये युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर निवडणूक लढवली, ऑगस्टमध्ये करार रद्द केला आणि काही महिन्यांत नव्या रूपात परत मान्य केला. अमेरिकेत तेव्हा डेमोक्रॅट क्लिंटन. त्यांच्या ऊर्जा खात्याने जून १९९५ मध्ये जाहीर इशारा दिला की करार मोडलात तर इतर खासगी वीजप्रकल्पही धोक्यात येतील. कर्ज आणि विमा द्यायला अमेरिकेच्या सरकारी संस्था पुढे होत्या. दिल्लीतले त्यांचे राजदूत फ्रँक विस्नर १९९७ मध्ये पदावरून उतरले आणि त्याच वर्षी एन्रॉनच्या तेल-वायू कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. त्याच वर्षी जूनमध्ये वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलीस घुसले, बायकांना मारहाण झाली. ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ च्या अहवालात हे सगळं नोंदवलं, आणि अमेरिकन सरकारलाही सोडलं नाही.

मग रिपब्लिकन बुश आले. मे २००१ मध्ये वीज मंडळाने दाभोळची वीज घेणं थांबवलं. जूनमध्ये सोनिया गांधी वॉशिंग्टनला गेल्या, तेव्हा उपाध्यक्ष डिक चेनी यांनी त्यांच्याकडे दाभोळचा विषय काढला. विरोधी पक्षनेत्या असल्या तरी महाराष्ट्रातलं सरकार काँग्रेसच्या आघाडीचं होतं. व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या देखरेखीखाली दाभोळसाठी वेगळा कार्यगट होता. राष्ट्रीय सुरक्षा! गुहागरच्या विजेचं बिल! नोव्हेंबरात बुश-वाजपेयी भेटीतही हा मुद्दा निघायचा होता, तो ऐनवेळी वगळला गेला. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

इथवर दोन्ही पक्ष सारखेच. पण हे आपल्याला कळलं कसं? माहितीच्या अधिकारात अमेरिकन सरकारकडून मिळवलेले ई-मेल जानेवारी २००२ मध्ये तिकडच्या वर्तमानपत्रांत आले. प्रतिनिधिगृहात अल्पमतात असलेल्या डेमोक्रॅट्सचे हेन्री वॅक्समन व्हाइट हाऊसला पत्रांवर पत्रं लिहून दाभोळबद्दल जाब विचारत होते. त्यांना रत्नागिरीचा कळवळा होता असं समजायचं कारण नाही, त्यांना चेनींना कोंडीत पकडायचं होतं. तरी वेलदूरच्या माणसाला आपल्याविषयी वॉशिंग्टनमध्ये काय शिजलं ते त्या भांडणातून कळलं. मुंबईत आणि दिल्लीत काय शिजलं, त्याचे असे ई-मेल आपण अजून वाचलेले नाहीत.

म्हणून नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुकीकडे मी 'ट्रम्प यांना धडा मिळणार का' म्हणून बघत नाही. आमच्या धंद्यात होमस्क्रीनचा रंग बदलला की ॲप बदललं असं समजणारे युजर असतात. अध्यक्षाकडेच बघत बसणारा भाष्यकार त्यातला. प्रतिनिधिगृहातल्या समित्यांची अध्यक्षपदं कोणत्या पक्षाकडे जाणार, ते या निवडणुकीतल्या बहुमतावर ठरतं. सरकारी कागद सक्तीने मागवायचा अधिकार त्या खुर्चीत असतो. वॅक्समन यांच्याकडे २००२ मध्ये ती खुर्ची नव्हती. नुसती पत्रं लिहून त्यांनी दाभोळचं एवढं बाहेर काढलं.