कौल आणि कान

दिनांक 6 ऑक्टोबर 2024 च्या रात्री ‘बिग बॉस मराठी’ या कार्यक्रमाच्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला आणि बारामती तालुक्यातील मोढवे या खेड्याचा सूरज चव्हाण विजयी ठरला. दुसरा आला तो अभिजीत सावंत. ‘इंडियन आयडॉल’ या गायनस्पर्धेचे अगदी पहिले विजेतेपद 2005 च्या मार्चमध्ये याच मराठी गायकाने मिळविले होते, व तेही प्रेक्षकांच्या मतांवर. ज्या तराजूत तेव्हा त्याचे पारडे जड ठरले, त्याच तराजूत एकोणीस वर्षांनी ते हलके पडले. ‘बिग बॉस’ ही गायनाची स्पर्धा नव्हे, हे मी विसरलेलो नाही. परंतु या तराजूत नेमके काय तोलले जाते हे पाहावयाचे असेल, तर याहून सोयीचा प्रसंग सापडणे कठीण.

निकालापूर्वी चार-पाच दिवस केडगावी माझ्या घरी एक विद्यार्थी आला. निबंधाची वही दाखविण्याचे निमित्त होते. खरे काम निराळेच निघाले. “सर, तुमच्या मोबाईलवरूनही सूरजला मत देऊ का?” कार्यक्रम पाहतोस काय, असे विचारता तो प्रांजळपणे म्हणाला, “सगळा नाही. फोनवर तुकडे येतात तेवढे. पण सर, तो आपल्याकडचा आहे.” मोढवे बारामती तालुक्यात, आम्ही दौंड तालुक्यात, तरी ‘आपल्याकडचा’ या शब्दापुढे माझे काही चालले नाही व मी फोन त्याच्या स्वाधीन केला. वर्गात अभिनवगुप्ताच्या आधाराने ‘सहृदय’ या संज्ञेचे तासन्‌तास विवरण करणारा मनुष्य एकही प्रयोग न पाहता परीक्षक होऊन बसला! पुढील टीका ज्यांस लागू पडेल त्यांत माझा क्रमांक पहिला, हे येथेच नमूद केलेले बरे.

निवेदक अशा वेळी ‘जनतेचा कौल’ असा शब्द योजतात. कौल खरा, पण तो कोणत्या प्रश्नाचा? ‘अधिक चांगले कोण गायले’ हा प्रश्न रंगमंचावर विचारला जातो, आणि घरोघर उत्तर मिळते ते ‘आपले कोण’ या प्रश्नाचे. 2007 साली ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल अंतिम फेरीत समोरासमोर आले. तमांग कोलकाता पोलिसांत शिपाई होता. त्याच्यासाठी दार्जिलिंगच्या डोंगरांत वर्गण्या गोळा झाल्या, संदेश पाठविण्याची केंद्रे निघाली, आणि सप्टेंबरात तो जिंकला. त्या मोहिमेत पुढे आलेल्या बिमल गुरुंग यांनी पुढच्याच महिन्यात गोरखा जनमुक्ती मोर्चा हा राजकीय पक्ष स्थापिला. स्वतंत्र राज्य मागणाऱ्या समाजाला आपली संख्या आणि एकी अजमावून पाहण्याचे साधन एका गाण्याच्या स्पर्धेने पुरविले, ही गोष्ट क्षुद्र नव्हे. मात्र त्यावरून दोघांपैकी कोणाचा स्वर अधिक सच्चा होता हे कळण्यास काहीच मार्ग नाही.

पूर्वीच्या मराठी प्रेक्षकास मत नव्हते असे कोणी समजू नये. संगीत नाटकांच्या काळात बालगंधर्वांच्या पदास ‘वन्समोअर’ मिळे आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. ती मागणी करणाऱ्याने ते पद त्याच क्षणी ऐकलेले असे, आणि ती पुरविताना नटाचा गळा पुन्हा एकवार पणास लागे. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात तर सवाल टाकणाऱ्यास जबाब कळण्याइतकी तयारी ठेवावी लागे. श्रोत्यांसही ती थोडीफार असावी लागे.

आमच्या केडगावच्या वेशीजवळचे चौफुला संगीत बारीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील दौलतजादा सभ्य घरांत उच्चारावयाचा शब्द नव्हे, अशी आमच्या लहानपणी समजूत होती. बैठकीतला रसिक नोट पुढे करतो आणि आपल्या आवडीची लावणी मागतो. या व्यवहारात स्त्रीच्या कलेची व देहाची जी ओढाताण होते तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु त्यात एक प्रामाणिकपणा आहे तो असा की, ज्याने जास्त पैसे टाकले त्याचे म्हणणे म्हणजे साऱ्या महाराष्ट्राचा निर्णय, असे तेथे कोणी जाहीर करीत नाही. ‘इंडियन आयडॉल’च्या त्या पर्वांत एकच मनुष्य पैसे मोजून वाटेल तितके संदेश पाठवू शकत असे. निवडणुकीत एका माणसास एक मत असते. येथे ज्याची हौस व खिसा मोठा त्याची मते अधिक. मग याला निवडणुकीचे नाव का द्यावे? दौलतजादाच म्हणावे, फरक एवढाच की, नोट कलावंताच्या हाती न पडता बव्हंशी दुसऱ्यांच्याच पेटीत जाते.

आता दुसरी बाजू. लहानपणीच आईबाप गेलेला, दारिद्र्यात वाढलेला मोढव्याचा मुलगा कोणत्या परीक्षकमंडळाने निवडला असता? आमच्यासारख्या प्राध्यापकांनी तर त्याची भाषाच प्रथम तपासली असती. मतांनी त्याला दार उघडून दिले, याचा मला विषाद वाटत नाही. पण 2025 च्या एप्रिलात त्याचा ‘झापुक झुपूक’ हा चित्रपट आला तेव्हा त्या मतांच्या मानाने चित्रपटगृहांत गर्दी झाली नाही. मत देणाऱ्यांनी त्याला जिंकवावयाचे होते; तिकीट काढून त्याचे काम पाहावयाचे होते असे नाही.

उलट ‘सा रे ग म प’च्या 2008-09 मधील ‘लिटल चॅम्प्स’ आठवून पाहावेत. तेथेही प्रेक्षकांचे संदेश मागविले जात, आणि विजयी ठरली ती आळंदीची कार्तिकी गायकवाड. तो निकाल योग्य की अयोग्य यावर त्या वेळी घरोघर वाद झडले. आमच्या घरी तर दोन दिवस अबोला होता. पण आज लोकांच्या तोंडी नावे पाचही आहेत. आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत यांना पहिला क्रमांक मिळाला नाही म्हणून कोणी ऐकावयाचे सोडले नाही, आणि 2021 साली नव्या मुलांचे परीक्षण करावयास हे पाचही जण एकत्र बसले. या पाचांचे नाव राहिले ते बारा वर्षे लोकांनी ऐकत राहिल्यामुळे.

निकालानंतरच्या सोमवारी तो विद्यार्थी पेढे घेऊन आला. मी सहज म्हणालो, “सूरज आला हे ठीकच झाले, पण अभिजीत सावंतचे एखादे गाणे तू ऐकले आहेस का?” मुलाचा जन्म 2005 चा. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “ते गातात का, सर?”