वामन मल्हार काय वाचत होते, आणि ते आपल्याला कसं कळतं?

रायगडच्या किनाऱ्याकडून मराठीत संशोधन करायला येणाऱ्यांच्या डोक्यात एक विषय हमखास असतो : आपल्या भागातला लेखक. हरकत काहीच नाही. वामन मल्हार जोशी तर अगदी हाताशी आहेत. मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला आत वळलं की तळा. वर तळगड, पलीकडे मांदाडची खाडी, कुड्याची लेणी. २१ जानेवारी १८८२ रोजी वामन मल्हार इथे जन्मले. (एक व्यवहाराची गोष्ट : जुन्या सूचींमध्ये ‘रायगड’ शोधत बसू नका. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये बदललं. ‘कुलाबा’ बघा, आणि गावासाठी ‘तळे’.)

आराखडा लिहायला बसलात की पहिलंच प्रकरण येतं, ‘लेखकाची जडणघडण व वाचन’. इथे तुमची पहिली परीक्षा आहे. जन्मगाव हा वाचनाचा पुरावा नव्हे. पदवीसुद्धा नव्हे. वामन मल्हार तत्त्वज्ञान घेऊन १९०६ साली एम.ए. झाले, हे खरं. पण अभ्यासक्रमात अमुक पुस्तक होतं म्हणून ते त्यांच्या अंगात मुरलं, असं म्हणता येत नाही. आपण स्वतः एम.ए.ला काय काय ‘वाचलं’ ते आठवा म्हणजे पटेल.

त्यापेक्षा भक्कम पुरावा वेगळ्या जागी आहे. वामन मल्हारांनी सॉक्रेटिसाचे संवाद मराठीत आणले. एखादं पुस्तक दुसऱ्या भाषेत नेणारा माणूस ते चाळून सोडू शकत नाही, त्याला वाक्यावाक्यापाशी थांबावं लागतं. आणि या वाचनातून ते काय शिकले, तर मत कसं मांडायचं यापेक्षा मत कसं तपासायचं, हे. एकाने काही म्हणायचं, दुसऱ्याने त्याला हटकायचं, आणि शेवटी दोघंही सुरुवातीच्या जागी उरायचे नाहीत. माझं म्हणणं असं, की त्यांच्या कादंबऱ्यांचा सांगाडा इथून आलाय.

‘रागिणी’ (१९१५) उघडा. तिचं जोडनाव ‘काव्यशास्त्रविनोद’, म्हणजे शहाण्या माणसांचा वेळ कसा जातो हे सांगणाऱ्या सुभाषितातला शब्द. लेखकाने दारावरच पाटी लावलीय : इथे चर्चा होणार. आणि होतेच. स्त्रियांचे हक्क, धर्म, काव्य, नीती. स्त्रीहक्कांवर ठाम बोलणारी उत्तरा आणि पतिनिष्ठ रागिणी या दोघींना समोरासमोर ठेवूनच कादंबरी उभी आहे.

आता प्रबंधांतून सर्रास दिसणारी गोष्ट. उत्तरेच्या तोंडचं वाक्य उचलायचं, आधी ‘वामन मल्हार म्हणतात’ असं लिहायचं, आणि खाली पृष्ठक्रमांक. झाला लेखक स्त्रीवादी! दुसरा रागिणीच्या बाजूचा उतारा उचलतो, त्याचा लेखक परंपरावादी. दोघांचे पृष्ठक्रमांक बरोबर, दोघांचे निष्कर्ष पोकळ. संवादात बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि त्याला उत्तर काय मिळालं, हे सोडून दिलं तर उताऱ्यात लेखक उरतच नाही. त्यामुळे कादंबरीतलं मत टिपताना वहीत तीन रकाने करा : कोण बोललं, कुणाला, आणि पुढे त्या मताचं काय झालं. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पण खरं काम तिथेच आहे.

निबंध आणि भाषणं यांचं वजन पुन्हा निराळं. १९३० च्या मडगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. व्यासपीठावरून बोलणारा माणूस सभेसमोर बोलत असतो. तेही मत त्याचंच, पण सभेचं भान ठेवून मांडलेलं.

मग येतं ‘विचारसौंदर्य’ (१९४०). कलेसाठी कला की जीवनासाठी, हा वाद मराठीत तापलेला. फडके एका टोकाला. वामन मल्हारांनी असं सुचवलं की भावना आणि रचना यांच्याप्रमाणे विचारालाही स्वतःचं सौंदर्य असतं, आणि साहित्याला ते परकं नाही. कल्पना मोहक आहे. परीक्षेत पाच गुणांची टीप म्हणून पाठ करायलाही सोयीची. पण साल बघा. ‘रागिणी’ १९१५ ची, सिद्धान्ताचं पुस्तक १९४० चं. पंचवीस वर्षं चर्चेच्या कादंबऱ्या लिहिल्यावर हा माणूस सांगतोय की चर्चेत सौंदर्य असतं. म्हणून तो खोटा ठरत नाही. मात्र ते पुस्तक त्याच्या कादंबऱ्यांची किल्ली म्हणून वापरण्याआधी ते वकीलपत्र तर नाही ना, हे तुम्हाला तपासावं लागेल.

कसं तपासायचं? मी एक साधा उपाय करते : चर्चा उचलून दुसरीकडे ठेवून बघते. ‘रागिणी’तल्या काही चर्चा वीस पानं पुढे सरकवल्या तर कथानकाला पत्ताही लागणार नाही. त्या विचार म्हणून सुंदर असतीलही, कादंबरीला त्यांची गरज नाही. मग ‘इंदु काळे व सरला भोळे’ (१९३४) घ्या. ही पत्रांतून सांगितलेली कादंबरी. विषय तोच जुना, कला आणि नीती. पण पत्र कुणीतरी कुणालातरी लिहितं, काहीतरी पटवायला, लपवायला, दुखवायला. तेच मत चुकीच्या माणसाला लिहिलं गेलं की त्याचा अर्थ पालटतो. इथे पत्रांचा क्रम बदलून बघा, कादंबरी मोडते. विचार माणसाला चिकटलेला असतो तेव्हाच तो कादंबरीत सुंदर होतो, असं मला वाटतं, आणि ‘विचारसौंदर्य’ या शब्दात नेमकी हीच अट सुटून जाते. ती अट त्यांनी सिद्धान्तात घातली असो-नसो, १९३४ साली कादंबरीत पाळलेली दिसते.

आणखी एक गोष्ट विसरू नका. कोल्हापूरच्या समर्थ विद्यालयात असताना ‘विश्ववृत्त’ मासिकात छापलेल्या ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ या लेखापायी वामन मल्हारांना तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. लेख सातवळेकरांचा, तुरुंगवास यांच्याही वाट्याला. दुसऱ्याच्या शब्दांची किंमत स्वतःच्या अंगावर मोजलेला हा वाचक आहे. त्याला ‘निवांत चर्चा करणारा प्राध्यापक’ म्हणून निकालात काढणारी वाक्यं वाचली की मला चीड येते.

वाचायला कुठून सुरुवात करावी? वा. ल. कुलकर्णींचं ‘वामन मल्हार : वाङ्मयदर्शन’ आणि कुसुमावती देशपांड्यांचं ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ लागतीलच, पण कादंबऱ्यांच्या नंतर. आधी ‘सुशीलेचा देव’ (१९३०) घ्या, तीन रकान्यांच्या वहीसकट. त्यात देवाची कल्पना एकाच बाईच्या मनात टप्प्याटप्प्याने बदलत जाते. म्हणजे वाद घालणारी दोन माणसं इथे एकाच डोक्यात आलीत. ‘कोण बोललं’ आणि ‘कुणाला’ या दोन्ही रकान्यांत सुशीलाच लिहावं लागेल अशी पानं किती निघतात, ते मोजा.