अहमदाबादचा प्रयोग आणि संशोधनपद्धतीचे अध्यापन

ए. के. राइस यांचा ‘प्रॉडक्टिव्हिटी अँड सोशल ऑर्गनायझेशन : द अहमदाबाद एक्स्पेरिमेंट’ हा ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र आणि त्याभोवती काम करणारा मानवसमूह यांचा विचार एकत्रच करावयास हवा, हे मत भारतीय गिरणीत पारखून पाहण्याचा तो एक आरंभीचा आणि गंभीर प्रयत्न होय. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या वाट्यास मात्र हा ग्रंथ बहुधा पाठ्यपुस्तकातील दोन ओळींच्या रूपाने येतो: कामगारांचे लहान गट केले आणि उत्पादन वाढले. निष्कर्ष एवढ्या सहजतेने हाती आला, म्हणजे तो कोणत्या मार्गाने काढला गेला हे पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. वस्तुतः संशोधनपद्धतीच्या विद्यार्थ्यास या ग्रंथापासून जे शिकावयाचे आहे ते त्या मार्गातच आहे. त्यातील उणिवांतही आहे.

ग्रंथाची पूर्वपीठिका इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत सापडते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि के. डब्ल्यू. बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये ‘ह्यूमन रिलेशन्स’ या नियतकालिकात लांब भिंतीच्या खणनपद्धतीविषयी निबंध लिहिला. नवी यंत्रे आल्यावर पूर्वीचे लहान, स्वतःचे सोबती स्वतः निवडणारे गट मोडले, तीन पाळ्यांत काम तुकड्यातुकड्यांनी वाटले गेले, आणि एका पाळीचा दोष दुसऱ्या पाळीच्या माथी बसू लागला. बॅमफोर्थ हे स्वतः पूर्वाश्रमीचे खाणकामगार होते. निबंधातील अंधार, धूळ, छताची भीती यांची वर्णने एवढी नेमकी का, याचे उत्तर त्यांच्या या पूर्वायुष्यात आहे. पद्धतीच्या पुस्तकात ‘सहभागी निरीक्षण’ असे ज्यास म्हणतात, ते त्यांनी शिकून केले नव्हते. आधी जगून झाले होते.

राइस यांची स्थिती याच्या नेमकी उलट. ते परदेशातून आलेले सल्लागार. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीच्या व्यवस्थापनाने त्यांस पाचारण केलेले. स्वयंचलित माग बसविले, तरी अपेक्षेइतके उत्पादन मिळत नाही, ही व्यवस्थापनाची अडचण होती. १९५३ मध्ये राइस यांनी त्या साचेखात्याची पाहणी केली. २२४ माग, त्यांवर एका पाळीत २९ कामगार, आणि या २९ जणांची १२ प्रकारची कामे. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, तर बॅटरी भरणाऱ्याकडे ४० ते ५०. साहजिकच एका विणकराचे सर्व माग एकाच भरणाऱ्याच्या हाताखाली येतील असे नव्हते, आणि धागा तुटून माग थांबला तर नेमके कोणी कोणास हाक मारावयाची हेही ठरलेले नव्हते. कागदावर निर्दोष दिसणारी श्रमविभागणी प्रत्यक्षात माणसांना एकमेकांच्या आड आणीत होती.

हे निदान करण्यास राइस यांना प्रश्नावली लागली नाही. त्यांनी कामाचा प्रवाह पाहिला, कोणाचे काम कोणावर अवलंबून आहे याचा आराखडा मांडला, आणि चौसष्ट मागांमागे सात जणांचा गट अशी रचना सुचविली. ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग हाच होय. माणसाची वृत्ती मोजण्यापूर्वी त्याचे काम समजून घ्यावे लागते, हे प्रश्नावली छापून घेण्याच्या घाईत असलेल्या अभ्यासकाने येथून अवश्य शिकावे.

पुराव्याकडे वळताच मात्र चित्र पालटते. कार्यक्षमता ८० टक्क्यांवरून ९५ वर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० वर आले, हे आकडे वारंवार उद्धृत होतात. परंतु गटरचनेबरोबरच वेतनाची श्रेणी व पद्धत बदलली. व्यवस्थापनाचे लक्ष या खात्यावर खिळले. यांपैकी कशाचा परिणाम किती, हे केवळ आधीचा व नंतरचा आकडा शेजारी ठेवून कळत नाही. शेजारच्या मागांशी केलेली तुलनाही सोयीने हाती आलेली तुलना आहे. ती आखलेली नाही. १९६९ मध्ये एस. के. रॉय यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ इंडस्ट्रियल रिलेशन्स’मध्ये या प्रयोगाच्या पद्धतीची फेरतपासणी केली. ज्या देशात प्रयोग झाला तेथीलच नियतकालिकातील हा लेख मूळ ग्रंथाच्या मानाने फारच थोड्यांनी वाचलेला असावा, हे खेदजनक आहे. पुढे १९७५ मध्ये एरिक मिलर यांनी १९७० पर्यंतचा मागोवा प्रसिद्ध केला: एका ठिकाणी गटपद्धती टिकली होती, अन्यत्र ती बव्हंशी जुन्या वळणावर गेली होती. परिणाम काही आठवड्यांत मोजावा की सतरा वर्षांनी, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो, आणि त्याचे उत्तर संख्याशास्त्राच्या कोष्टकात मिळत नाही.

तथापि या ग्रंथाची खरी मर्यादा आकड्यांच्याही पलीकडे आहे. जुन्या मागावर धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. मुंबईच्या साचेखात्यांत अस्पृश्यांना काम नाकारताना हीच सबब सांगितली जाई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपवाल्यांच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. अहमदाबादेतही (हे शहर १९६० पर्यंत मुंबई राज्यातच होते) दलित कामगार मुख्यतः सूतकताईच्या खात्यांत असत, विणकामात नसत. एक लाकडी धोटा, एक छिद्र आणि विटाळाची कल्पना यांची अशी गाठ पडलेली असताना तंत्र कोठे संपते व समाज कोठे सुरू होतो, हे कोणी सांगावे? ‘सामाजिक-तांत्रिक’ या शब्दास याहून समर्पक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

स्वयंचलित मागात कांडी यंत्रच बदलते आणि धागाही यंत्रच ओवते. म्हणजे ज्या सबबीवर बंदी उभी होती ती सबबच यंत्राने काढून घेतली. मग बंदी उठली काय? सात जणांचे गट जमताना कोणी कोणास घेतले, आणि कोण बाहेर राहिले? कार्यक्षमता आणि सदोष कापड या दोन मापांत या प्रश्नाचे उत्तर मावत नाही. व्यवस्थापनाची अडचण हीच संशोधनाची समस्या म्हणून स्वीकारली, की मापेही व्यवस्थापनाचीच येतात. यात राइस यांच्या प्रामाणिकपणास बाध येत नाही; सल्लागार म्हणून आपली भूमिका त्यांनी लपविली नाही. परंतु प्रश्न कोणी विचारला यावर काय मोजले जाईल हे ठरते, ही गोष्ट विद्यार्थ्यास नमुनानिवडीच्या सूत्रांआधी शिकविली गेली पाहिजे. आज बहुतेक अभ्यासक्रमांत ती नंतर येते, किंवा येतच नाही.

हा प्रश्न हाती घेणाऱ्यास एकच पद्धत पुरणार नाही. पाळीचे हजेरीपट व बदली कामगारांच्या याद्या मिळाल्या तर त्यांतील नावांवरून खात्यांची सामाजिक घडण वर्षानुवर्षे कशी पालटली ते काही अंशी दिसेल. नावावरून जात ठरविण्यातील धोका अर्थातच ध्यानी ठेवावा लागेल. परंतु गट कसा जमला हे कागद सांगणार नाही. ते गटातील माणसानेच, तेही त्याच्या भाषेत विचारले तर, सांगावयाचे आहे. कॅलिको गिरणी बंद पडून पुष्कळ वर्षे लोटली. १९५३ साली विशीत असलेला विणकर आज हयात असला, तर त्याने नव्वदी ओलांडलेली आहे.