धारवाडचा अर्ज : मान्य न्याय, अमान्य हक्क

जून १८५६ मध्ये एका महार विद्यार्थ्याने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. २१ जुलै १८५६ च्या ठरावाने तो अमान्य झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला दिलेल्या शिक्षणविषयक निवेदनात हा ठराव उद्धृत केला आहे. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील दुसऱ्या खंडात (१९८२) तो वाचावयास मिळतो. त्याची भाषा बारकाईने तपासणे अगत्याचे आहे.

तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, हे ठराव निःसंदिग्धपणे मान्य करतो. परंतु एकदोघांसाठी युगानुयुगांच्या पूर्वग्रहांत तडकाफडकी हात घातल्यास शिक्षणकार्याचीच हानी होईल, असे तो लगेच बजावतो. शिवाय ही अडचण सरकारने निर्माण केलेली नाही, हेही सांगतो. म्हणजे पूर्वग्रह बाळगणाऱ्याचे काहीच अडत नाही. थांबावयाचे ते अर्जदाराने! पुढे २८ एप्रिल १८५८ च्या खलित्यात कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत, हे तत्त्व स्पष्ट केले.

अमेरिकेतील ब्राउन खटल्याशी येथे तुलना उद्बोधक ठरते. १७ मे १९५४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णविभक्ती घटनाबाह्य ठरविली. तरी १९५५ च्या आदेशाने अंमलबजावणीत विलंबाला वाट ठेवलीच. मात्र तेथे खटला उभा राहिल्याने पालकांची नावे, साक्षी व तज्ज्ञांचे पुरावे दप्तरी राहिले. धारवाडचे प्रकरण अर्जावरच संपले. त्या ठरावात तो मुलगा केवळ ‘महार अर्जदार’ आहे.

बाबासाहेबांचे मोठेपण येथे दिसते. राज्यकर्त्यांचाच कागद त्यांनी राज्यकर्त्यांविरुद्ध पुरावा म्हणून उभा केला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद २९(२) ने शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत केवळ जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. तडकाफडकी करता येत नाही असे सांगून जे टाळले गेले, ते आता हक्क ठरले.

कारंजा (लाड) हे वऱ्हाडातील गाव. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली असला तरी मुंबई इलाख्यात नव्हता. म्हणून धारवाडच्या ठरावावरून येथील शाळांविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. त्यासाठी वऱ्हाडची दप्तरे, जुन्या शाळांची दाखलपुस्तके व तपासणी अहवाल स्वतंत्रपणे पाहावे लागतील. ते पाहताना प्रवेश कोणाला नाकारला आणि कोणत्या शब्दांत नाकारला, हे दोन्ही प्रश्न अभ्यासकाने विचारले पाहिजेत.